‘ज्ञानाची मुस्कटदाबी’ असं म्हणता येईल का?

प्रश्न एका शिक्षिकाताईंचा आहे. निबंध तपासताना त्यांना एक वाक्य लागलं, "सत्ताधाऱ्यांनी शतकानुशतके ज्ञानाची मुस्कटदाबी केली." वाक्य कानाला खटकलं, पण लाल खूण नेमकी कशावर करायची ते कळेना. तिथं गळचेपी हवं होतं का, की आणखी कुठला शब्द, आणि ज्ञानाला मुस्कट असतं तरी का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, खटकलं ते बरोबरच खटकलं. मुस्कट (जुन्या लिखाणात मुसकट पण दिसतं) म्हणजे तोंड, पण प्रेमानं म्हटलेलं नव्हे, थोबाड म्हणतो त्याच्या जवळचं. ‘मुस्कटात ठेवून दिली’ मधलं मुस्कट तेच. त्यामुळे मुस्कटदाबी व्हायला आधी बोलू पाहणारं कुणीतरी लागतं. माणूस, पेपर, विरोधी पक्ष, युनियन, कुणीही चालेल. ‘विचारांची मुस्कटदाबी’ आपण म्हणतो आणि ते खपून जातं कारण तिथं विचार म्हणजे विचार मांडणारा माणूस असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. ज्ञानाचं तसं होत नाही, ते काही स्वतः बोलायला उभं राहत नाही.

आपल्याकडे ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ म्हणतात ना, त्याच्यात या शब्दाचा सगळा जीव आहे. मार तर द्यायचाच, पण ओरडा बाहेर जाता कामा नये म्हणून आधी तोंड दाबायचं. गळचेपी त्यापेक्षा सावकाश चालणारी गोष्ट, तिथं आवाजापेक्षा श्वासावर हात असतो, म्हणून आर्थिक गळचेपी म्हणतात पण आर्थिक मुस्कटदाबी कुणी म्हणत नाही. जाहिराती बंद करून एखादं साप्ताहिक मारलं तर ती गळचेपी, संपादकाला आत टाकलं तर मुस्कटदाबी. बाकी मराठीत गप्प बसण्याचे शब्द बघायला गेलं तर ढीगभर आहेत, ब्र न काढणं, चकार शब्द न काढणं, मिठाची गुळणी धरणं, अळीमिळी गुपचिळी, हाताची घडी तोंडावर बोट, आणि हे सगळे तोंडाचे. निबंध लिहिणाऱ्या पोराच्या हाताला त्यामुळेच मुस्कटदाबी लागला असणार.

पण ज्ञान अडवायचं असेल तर तोंडापर्यंत थांबून चालत नाही, ते कानाशीच अडवायला लागतं. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ही ओवी आहे, "वेदु संपन्नु होय ठायीं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि". वेद श्रीमंत खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा कुणी नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानाला लागला. ‘कानी लागणे’ म्हणजे कानात कुजबुजणं, ज्याला सांगायचं त्याच्यापुरतं सांगणं. पुढे म्हटलंय की बाकीच्यांसाठी, बायका आणि शूद्र यांच्यासाठी, त्यानं ‘अनवसर’ मांडलाय, म्हणजे तुम्हाला आत घ्यायला आम्हाला सवड नाही. आणि हे उणं फेडायला वेदच गीता होऊन आला असं ज्ञानदेव म्हणतात. वेदाला कंजूष म्हणायचं आणि पुन्हा त्याला नमस्कार पण करायचा, हे त्यांनाच जमावं.

याच्याही आधीचं बघायचं तर ब्रह्मसूत्रांवरच्या शांकरभाष्यात, म्हणजे शंकराचार्यांच्या विवरणात, अपशूद्राधिकरण म्हणून एक भागच आहे, शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार आहे की नाही याची चर्चा, उत्तर अर्थातच नाही असं. तिथं जुनी वचनं दिलीत, शूद्रानं वेद ऐकला तर कानात शिसं आणि लाख ओतावी, उच्चारला तर जीभ छाटावी, पाठ करून ठेवला तर शरीराचे तुकडे करावेत. खरोखर किती जणांच्या कानात शिसं ओतलं हा वेगळा वाद आहे, त्यात आत्ता नको शिरायला. भाषेच्या दृष्टीनं बघा, कान, जीभ आणि स्मरण अशा तीन जागा तिथं वेगवेगळ्या सांगितल्यात. मुस्कटदाबी यातल्या फक्त मधल्या जागेला लागू पडते.

मग पहिल्या जागेला मराठीत काय म्हणायचं? माझ्या मते जुना शब्द आपल्या डोळ्यासमोरच आहे आणि आपण त्याचा अर्थ विसरलोय. अनधिकार. आज अनधिकार म्हणजे बेकायदा एवढंच उरलंय, अनधिकृत बांधकामाच्या पाटीवरचं. पण जुन्या वापरात अधिकार म्हणजे शिकायची पात्रता. अधिकारी शिष्य म्हणजे कलेक्टर ऑफिसात चिकटलेला शिष्य नव्हे, जो शिकायला लायक ठरवला गेलाय तो. संगीतात अजून म्हणतात की नाही, "त्यांचा ख्यालगायकीत अधिकार मोठा". म्हणजे एकच शब्द सत्तेलाही आणि ज्ञानाच्या लायकीलाही, आणि लायकी ठरवायची कुणी तर ज्याच्या हातात अधिकार आहे त्यानंच.

तुकोबांच्या गाथेत हा शब्द किती अंगांनी येतो बघा. "घोकाया अक्षर । मज नाहीं अधिकार", इथं तो बंद दाराचा शब्द आहे. शूद्रवंशी जन्मलो म्हणून दंभानं मला मोकलून दिलं असं त्याच अभंगात वर म्हटलंय. दुसरीकडे "सकळांसि येथें आहे अधिकार", इथं तेच दार सताड उघडं. आणि तिसरीकडे "अधिकार तैसा करूं उपदेश । साहे ओझें त्यास तेंचि द्यावें", इथं शिक्षकाचा साधा शहाणपणा आहे, मुंगीच्या पाठीवर हत्तीचं पालाण घालू नये एवढाच. तिसरा अर्थ निरुपद्रवी आहे, आपण वर्गात रोज तेच करतो, पाचवीच्या पोराला कॅलक्युलस शिकवत नाही. गडबड होते ती या तिसऱ्या अर्थाचा बुरखा घालून पहिला अर्थ चालवतात तेव्हा, म्हणजे "तुला झेपणार नाही" असं म्हणायचं आणि मनात "तुला द्यायचं नाही" असतं. आणि ज्यांना घोकायला मनाई होती त्या तुकोबांनीच "वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनी वहावा भार माथां" असं पण ठणकावून सांगितलंय, हे विसरून चालणार नाही.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर कोल्हापूरचं वेदोक्त प्रकरण आठवा. १९०० च्या आसपासची गोष्ट. शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जायचे तेव्हा भटजी पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले मंत्र म्हणतायत, वेदोक्त, म्हणजे वेदांतले नाही, असं लक्षात आलं. का, तर महाराज शूद्र, त्यांना वेदोक्ताचा अधिकार नाही. म्हणजे गादीवरचा राजा, फौजदारी दिवाणी सगळी त्याच्या हातात, आणि मंत्र कुठला ऐकायचा हे मात्र ठरवणार दुसरे! राजोपाध्यांनी, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनी, शेवटपर्यंत ऐकलं नाही आणि १९०२ मध्ये महाराजांनी त्यांचं वतन खालसा केलं. एक अधिकार वापरून दुसरा मोडून काढला. आणि मंत्रावर ते थांबले नाहीत हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. प्रकरण राजाच्या मानापमानापाशी संपलं असतं तर त्याची आठवण तरी कुणी कशाला काढली असती.

जोतीराव फुल्यांनी तर वेगळाच शब्द उचलला, अविद्या. "विद्येविना मती गेली" पासून सुरू होणारं ते वचन सगळ्यांना पाठ आहे, त्याचा शेवट "इतके अनर्थ एका अविद्येने केले" असा. वेदान्तात अविद्या म्हणजे ब्रह्म न कळणं, माया वगैरे, फार उंचावरचं प्रकरण. फुल्यांनी तो शब्द तिथून खाली ओढला आणि शेतकऱ्याच्या पोराला शाळा नाही, सावकाराचा कागद वाचता येत नाही, इथं आणून ठेवला. नुसता ओढला नाही, १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे लेखी मागणी केली की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, आणि हेही सुनावलं की सरकारचा महसूल बव्हंशी रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. याला मुस्कटदाबी म्हणाल? कुणाचंच तोंड दाबलेलं नव्हतं. तोंड उघडून बोलायला जे लागतं तेच मिळू दिलं नव्हतं.

मुस्कटदाबी शब्दाची खरी जागा बघायची असेल तर इंग्रजांचे छापखान्याचे कायदे घ्या. १८७८ चा व्हाइसरॉय लिटनचा कायदा फक्त देशी भाषांतल्या पत्रांना होता, इंग्रजी पत्रांना नाही. तेच वाक्य इंग्रजीत छापलं तर चालेल आणि मराठीत किंवा बंगालीत छापलं तर मॅजिस्ट्रेट जामीन मागणार, छापखाना जप्त करणार, आणि वर कोर्टात दाद नाही. कलकत्त्याच्या अमृत बझार पत्रिकेनं यावर काय केलं तर सरळ इंग्रजीच होऊन टाकलं. नाटकांना १८७६ चा वेगळा कायदा होता आणि खाडिलकरांच्या कीचकवधावर १९१० मध्ये बंदी आली, पात्रं सगळी महाभारतातली पण कीचक म्हणजे व्हाइसरॉय राहिलेला कर्झन हे पिटातल्या माणसालाही कळत होतं आणि सरकारलाही.

यातही मला १९०८ चा टिळकांचा खटला शब्दांच्या दृष्टीनं सगळ्यात अजब वाटतो. लेख केसरीतले, मराठीत लिहिलेले, आणि पंचांत, म्हणजे ज्यूरीत, सात युरोपियन नि दोन पारशी. लेखात राजद्रोह आहे की नाही ते ठरवायचं, पण मूळ लेख वाचता येत नाही, म्हणून सगळं भाषांतरावर. भाषांतरात अर्थ फिरवलाय, हा शब्द असा नाही तसा आहे, यावर टिळकांना कोर्टात भांडत बसावं लागलं, आणि सात विरुद्ध दोन असा निकाल लागून सहा वर्षं मंडाले. पंचांकडे अधिकार होता आणि अधिकार नव्हताही, वर सांगितलेले दोन्ही अर्थ घेऊन हे वाक्य वाचा. त्याआधीच्या १८९७ च्या खटल्यात तर जस्टिस स्ट्रॅची यांनी सरकारबद्दलची अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला होता, म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा. शब्दकोश हातात असलेला जज्ज किती धोकादायक असू शकतो, आम्ही शब्दवाले लोक उगाच कुणाला सांगत नाही.

आता तुमच्या वाक्यासाठी शब्द. ‘ज्ञानाची मक्तेदारी’ हा एक चांगला पर्याय आहे आणि वापरातला आहे. मक्ता म्हणजे ठेका, सरकारनं एकाला लिहून दिलेला, म्हणजे त्या शब्दात देणारा सत्ताधारी आधीच बसलेला आहे. पण मक्तेदारीत रोख मक्तेदारावर राहतो, ज्याला मिळालं नाही तो दिसत नाही. तो दाखवायचा असेल तर ज्ञानबंदी. दारूबंदी, शस्त्रबंदी यांच्या चालीवर बनलेला, जी गोष्ट बंद केली ती आधी आणि मग बंदी, व्याकरणाला काही हरकत नाही. जुन्या समाजसुधारणेच्या लिखाणात रोटीबंदी, बेटीबंदी, सिंधुबंदी, वेदोक्तबंदी अशी पंगत आहेच, ज्ञानबंदी त्याच पंगतीतला. शिवाय तटबंदीतही बंदी आहे, तिथं ती भिंत बांधण्याची आहे, तो अर्थ कुणाला आपसूक ऐकू आला तर फायदाच.

कुणीतरी म्हणेल की आता तर माहितीचा अधिकार आहे, महाराष्ट्रात २००२ चा आणि देशभर २००५ चा कायदा. आहे की. पण गंमत बघा, शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याला मराठीत आपण शिक्षणाचा हक्क म्हणतो, संविधानात मूलभूत हक्क म्हणतो, आणि माहितीला मात्र अधिकार. हिंदीत दोन्हीकडे अधिकारच असतो, त्याचा परिणाम असावा असा माझा अंदाज. मराठीत हक्क माणूस भांडून मागतो, हक्कानं मागतो, अधिकार बहुतेक वेळा कुणीतरी दिलेला असतो किंवा अधिकाऱ्याच्या टेबलापलीकडे असतो. माझ्या हातात असतं तर मी माहितीचा हक्कच म्हटलं असतं. पण आता तो शब्द रुळला, बदलायचा म्हटलं तर जीआर काढावा लागेल आणि मग त्या जीआरची प्रत मिळवायला माहितीच्या अधिकारात अर्ज.

तर ताई, त्या पोराचे मार्क कापू नका, खूण मात्र करा. वाक्य साधारण असं करून द्या: "सत्ताधाऱ्यांनी शतकानुशतके ज्ञानबंदी केली आणि तरीही जे शिकून बोलू लागले त्यांची मुस्कटदाबी केली." जरा लांब झालं, पण दोन कामं दोन शब्दांकडे गेली. आणि समासात लिहून ठेवा की मुस्कटदाबी एक शब्द आहे, मध्ये जागा सोडायची नाही, निम्म्या वह्यांत ती सोडलेली असते.