भिंतीला बुरशी, मालक दाद देईनात

प्रश्न : ताई, आम्ही तिघी मैत्रिणी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, बेडरूमच्या भिंतीला बुरशी आलीये, एकीचा खोकला जात नाहीये आणि गॅस गीझर लावला की सगळ्यांचंच डोकं दुखतं. मालक म्हणतात खिडकी उघडी ठेवा. भाडं थांबवू का?

उत्तर : आधी गीझर! आत्ताच्या आत्ता बंद करा, कारण त्यातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघत असू शकतो, त्याला ना वास ना रंग, डोकेदुखी हे त्याचं नेहमीचं लक्षण आणि त्याने जीवही जातो, म्हणून मेकॅनिकने तपासेपर्यंत हात लावू नका आणि तिघीही डॉक्टरांना दाखवून या. बुरशी नुसती पुसून जात नाही गं, पाणी कुठून झिरपतंय ते थांबवायला लागतं आणि असं काम सहसा मालकाचंच असतं. फोनवर बोलणं पुरे, तारखेसकट फोटो काढा, मेल करा, दुरुस्तीला मुदत द्या. भाडं मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका, थकबाकीवरून घर खाली करायला सांगितलं तर तुमचीच बाजू लंगडी पडेल. त्याआधी करार घेऊन एखाद्या मोफत कायदा सल्ला केंद्रात जा, कॉलेजात शिकत असाल तर तिथेही असा सल्ला मिळतो का विचारा.