‘असो’ म्हणून सोडलेली ओळ

प्रिय मावशी,

सलाम. मी नेरूळला राहते, वय ४१. एका कंपनीत अकाउंट्स बघते. माहेर नगरकडचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. लग्नानंतर आम्ही दोघं जुनी मंडळी, म्हणजे चर्च, सोडून एका नव्या मंडळीत जायला लागलो. स्टेशनजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हॉल, गिटार, ड्रम, सगळी आमच्याच वयाची माणसं. जुन्या मंडळीत माझं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. इथे मला डेंग्यू झाला तेव्हा अकरा दिवस तीन घरांतून आळीपाळीनं डबा आला.

मग प्रत्येकाला एकेक ‘आत्मिक पालक’ नेमून दिला. घर कुठे घ्यायचं, नोकरी बदलायची का, शेजारच्या काकूंकडे दिवाळीच्या फराळाला जायचं का, सगळं आधी विचारायचं. मंडळीला दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, द्यायचा तो पीएफ कापायच्या आधीच्या पगारावर, तोही स्लिप दाखवून. दर आठवड्याला आपली पापं वहीत लिहून वही पालकाकडे द्यायची. एकदा मी सासूबाईंबद्दल मनात आलेलं काहीबाही लिहिलं. पुढच्या रविवारी पास्टरांनी संदेशात ‘आपल्यातली एक बहीण’ म्हणून तेच सांगितलं. नाव घेतलं नाही, पण निम्म्या हॉलनं वळून माझ्याकडे पाहिलं. माझा भाऊ बाहेर पडला तेव्हा त्याच्याशी बोलायला बंदी होती. मी ती दोन वर्षं पाळली.

गेल्या वर्षी मी सोडलं. नवरा अजून जातो. बाहेर पडलेले आम्ही नऊ-दहा जण आता रविवारी संध्याकाळी वाशीला सागर विहारला बसतो आणि पास्टर, त्यांची शिकवण, पैसा यावर बोलतो. तिथे मोकळं वाटतं, पण रात्री झोप लागत नाही. नवरा म्हणतो, ‘देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलतेस, भोगशील.’ आमच्यातला एकजण म्हणतो, ओळखीच्या पुढाऱ्याला सांगून त्यांची उपासनाच बंद पाडू. मावशी, मी करतेय ती निंदा आहे का?

नेरूळची एक बहीण

* * *

प्रिय मुली,

तुझं पत्र सात पानी होतं. इथे बरंच कापून छापलंय, त्यातली एक ओळ मी मुद्दाम मागे ठेवली आहे. तिच्याकडे शेवटी येते.

आधी ‘अभिषिक्ता’चं, म्हणजे देवानं निवडून नेमलेल्या माणसाचं, बघू, कारण भीती त्या शब्दाची आहे. मी ख्रिस्ती नाही. म्हणून तुझं पत्र घेऊन (नाव-गाव झाकून) माझ्या एका जुन्या मैत्रिणीकडे गेले. तीही नगरची, आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता ठाण्यात मुलाकडे असते. तिनं चहा ठेवायच्या आधी बायबल काढलं. ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वाक्य १०५ व्या स्तोत्रातलं. तिथे गोष्ट चाललीय ती अब्राहाम, इसहाक, याकोब यांची. मूठभर माणसं परमुलखात भटकतायत, आणि देव तिथल्या राजांना बजावतोय की यांना उपद्रव देऊ नका. म्हणजे तो दम बलवंताला आहे, दुबळ्याच्या बाजूनं. तो उचलून पास्टरांच्या बाजूनं तुझ्यावर उगारायचा, हे उलटंच झालं की.

मग तिनं दावीद आणि शौलाची गोष्ट वाचून दाखवली, पहिल्या शमुवेलाचा २४ वा अध्याय. दाविदाच्या जिवावर उठलेला राजा शौल गुहेत त्याच्याच हाती सापडतो. दावीद त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापतो आणि त्याचीही त्याला टोचणी लागते, कारण शौल अभिषिक्त. इथवर तुमच्याकडे नेहमी सांगतात, मैत्रीण म्हणाली, पुढचं सांगत नाहीत. पुढे तोच दावीद गुहेबाहेर येऊन शौलाला हाक मारतो आणि त्याचा अन्याय त्याच्या तोंडावर, त्याच्या माणसांच्या देखत बोलून दाखवतो. हात उचलला नाही, पण बोलायचं राहिलं नाही. अंत्युखियात पौलानं पेत्रासारख्या मोठ्या प्रेषिताला तोंडावर सुनावलं, तेही तिनं गलतीकरांच्या पत्रातून काढून दाखवलं. दशांशाचं विचारलं तर बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय पुढे केला. तिथे तो दशांश घरच्यांनी देवासमोर बसून खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षीचा देवसेवा करणारे लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायचा आहे. पगाराची स्लिप काही सापडली नाही.

आणि तू तर नगरची. तुला हे माहेरी ऐकायला मिळालं असेल. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, आणि दोनच वर्षांत त्या त्यांच्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डिनना, पत्रातून सांगत होत्या की इथल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं चढवून घेणार नाही. १९२२ मध्ये गेल्या त्या ख्रिस्ती म्हणूनच. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडलं, ख्रिस्त सोडला नाही. प्रश्न विचारणारी माणसं तुमच्या घराण्यात आधीपासून आहेत. नवरा म्हणतो तशी ती भोगत बसली नाहीत.

आता ते ‘आत्मिक पालक’ प्रकरण. तुला वाटतं हे तुमच्या पास्टरांच्या डोक्यातून निघालं. तसं नाही गं. १९७० च्या दशकात अमेरिकेत, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला, पाच नामांकित शिक्षक एकत्र आले. बॉब ममफर्ड, डेरेक प्रिन्स, चार्ल्स सिम्पसन, डॉन बॅशम आणि अर्न बॅक्स्टर. प्रत्येक विश्वासणाऱ्यानं एका ‘मेंढपाळा’च्या अधीन राहायचं, मेंढपाळानं त्याच्या वरच्याच्या, अशी उतरंड. लग्न, नोकरी, घर, पैसा, सगळं विचारून. सुरुवातीचा हेतू वाईट नव्हता. माणसं एकटी पडतात, भरकटतात, त्यांना कुणीतरी जपणारं असावं, एवढाच होता. पण ज्याला कुणी ‘का’ विचारत नाही त्याच्या हातात दुसऱ्याच्या घराची किल्ली दिली की काय होतं, ते तिथेही झालं. १९८३ मध्ये डेरेक प्रिन्स बाहेर पडले. (हे गृहस्थ जन्मले बंगळुरात, त्यांची पुस्तकं आपल्याकडच्या मंडळ्यांतही वाचतात. तुमच्या हॉलमधल्या कपाटातही असतील एखादवेळेस.) पुढे तो गट मोडला. आणि १९८९-९० च्या सुमारास बॉब ममफर्डनी जाहीरपणे चूक कबूल केली, माफी मागितली.

ममफर्ड लक्षात ठेव, तो पुन्हा लागेल.

बॉस्टनमध्ये १९७९ पासून किप मकीन यांच्याभोवती वाढलेल्या मंडळ्यांतही असंच चाललं. प्रत्येकावर एक शिष्यत्व देणारा, त्याच्यावर दुसरा. तिथे २००३ मध्ये लंडनमधल्या हेन्री क्रीट नावाच्या त्यांच्याच एका पुढाऱ्यानं लांबलचक खुलं पत्र लिहिलं आणि सगळा डोलारा हलला. हे तुला घाबरवायला सांगत नाही. ‘माझ्यातच खोट होती म्हणून मला जड गेलं’ असं जे तू तिसऱ्या पानावर लिहिलंयस ना, त्यासाठी सांगतेय. एकाच पद्धतीनं फ्लोरिडात, बॉस्टनमध्ये आणि नेरूळला माणसं त्याच जागी मोडत असतील, तर दोष पद्धतीत शोधावा.

मात्र ते अकरा दिवसांचे डबे खोटे ठरवू नकोस. सागर विहारला कुणी म्हणालं असेल की ते आपल्याला ओढण्यासाठीच होते. असेलही कुणाच्या मनात. पण पहाटे उठून पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या मनात तसं नव्हतं, हे तुला माहीत आहे. तीही अजून तिथेच असेल, तिचीही वही कुणाकडे तरी जात असेल.

तुमच्या रविवारच्या बसण्याबद्दल मला थोडी काळजी वाटते. माझ्या आत्याच्या घरी वर्षानुवर्षं एका महाराजांची बैठक भरायची. आत्येभाऊ त्यातून बाहेर पडला, पाच-सात जण जमले, दर गुरुवारी (वारही तोच ठेवला!) महाराजांची लफडी काढायला बसू लागले. दोन वर्षांनी बघते तर तिथेही एकजण उंच खुर्चीवर आणि बाकीचे सतरंजीवर. ‘अमक्याशी बोलू नका, तो अजून मनानं तिकडचाच आहे,’ असं सुरू झालेलं. माणूस सवय सोबत घेऊन निघतो. तुमच्यातल्या एखाद्या रविवारी कुणी आलं नाही तर त्याच्याबद्दल काय बोललं जातं, एवढं नीट ऐक. त्यावरून कळेल.

आणखी एक. शिकवण आणि वागणूक यांची गल्लत करू नका. अन्य भाषांत (ऐकणाऱ्याला अर्थ न कळणाऱ्या शब्दांत) प्रार्थना, उपास, मोठमोठ्यानं स्तुती, हे तुला आता पटत नसेल, पण तो गुन्हा नव्हे. ते कुणाचंतरी देवाशी बोलणं आहे, त्याची नक्कल करून हसू नका. वहीतलं गुपित संदेशात सांगणं, बहीण-भावाची तोंडं बंद करणं, पैशाचा हिशेब न देणं, हे वेगळं. त्यावर बोला, आणि स्वतः पाहिलं तेवढंच बोला. निंदा आणि साक्ष यातला फरक मला एवढाच कळतो की साक्षीत बोलणाऱ्याला स्वतःलाही पिंजऱ्यात उभं राहावं लागतं.

पुढाऱ्याचं तर मनातही आणू नकोस. कशाला बोलवायचं त्याला? त्याला तुझ्या वहीशी आणि तुझ्या भावाशी काही देणंघेणं नाही. तो चार पोरं घेऊन येईल, हॉलच्या काचा फुटतील, आणि दुसऱ्या दिवसापासून तुझ्या माहेरच्या शांत, जुन्या मंडळीच्या दारातही संशयानं उभं राहिलं जाईल. पास्टर मात्र छळ सोसणारे संत ठरतील. पैशाचा प्रश्न असेल तर त्याला सरळ वाट आहे. ती संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिला दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. ठाणे जिल्ह्याचं कार्यालय ठाण्यातच आहे. नोंद आहे का, हिशेब भरलेत का, हे तिथे विचारता येतं, आणि ताळेबंद कसा वाचायचा हे तुला कुणी शिकवायला नको. कुणाला मारहाण, धमकी, अंगाशी लगट झाली असेल तर ते पोलिसांचं काम, त्याला रविवारची वाट बघू नका. पण नावं घेऊन मोबाइलवर मजकूर फिरवू नका. बदनामीचं कलम आहे, आणि खरं असलं तरी ते सिद्ध करत बसावं लागतं.

नवऱ्याशी वचनांची जुगलबंदी खेळू नकोस. त्याला तिथे अजून डबे दिसतात, तुला वही दिसते. दोघांचंही खरं. त्याला पुरावे दाखवायचे सोड. घराचा हप्ता दोघांच्या नावावर असेल, तर एवढंच म्हण की इथून पुढे माझ्या पगाराचं मी ठरवीन आणि माझी स्लिप कुणाला दाखवायची नाही. त्यावर तो काय म्हणतो ते बघ, आणि भांडण झालं तर त्या एका मुद्द्यापुरतं ठेव. भावाकडे मात्र या आठवड्यातच जा. मंडळीबद्दल बोलायला नको, नुसती जेवायला जा.

आता ती ओळ. सातव्या पानाच्या तळाशी, सहीच्या अगदी वर, बारीक अक्षरात तू लिहिलंयस: ‘मीपण एका मुलीची आत्मिक पालक होते, घणसोलीची, तिचं ठरलेलं लग्न माझ्या सांगण्यावरून मोडलं. असो.’

सहा पानं पास्टरांची आणि ही एक ओळ. तुझी झोप इथे अडकली आहे, असं मला वाटतं. सागर विहारला तू ही गोष्ट सांगितलेली नाहीस, बरोबर ना? तिथे सगळे दुखावलेले, तिथे दुखावणारं कोणीच नाही. पण उतरंडीत मधल्या पायरीवर उभं असलेल्या माणसाच्या डोक्यावर पाय असतो, तसा त्याचाही कुणाच्या तरी डोक्यावर असतोच. तिचीही वही तुझ्याकडे येत असेल. ती तू वर दिलीस का, हे तू लिहिलेलं नाहीस. मी विचारत नाही. तिला मात्र विचारायचा हक्क आहे.

तिला लिही. फोन नको, घरी जाऊन उभी तर अजिबात राहू नकोस. एक पान पुरे. काय सांगितलंस, कधी, आणि त्यानं तिचं काय झालं, हे तिच्या बाजूनं लिही. ‘मलाही वरून तसंच सांगितलं होतं’ हे वाक्य हाताशी येईल, खरंही आहे, पण ते पास्टरांच्या हिशेबात लिहायचं आहे, तिच्या नाही. ममफर्ड वरच्या पायरीवर होते तरी त्यांना ते जमलं, तुला का जमू नये? तिनं उत्तर द्यावं असं म्हणू नकोस. तुमच्या गटात ये, साक्ष दे, असंही नको. तिला पुन्हा कुणाच्या तरी कामाला लावल्यासारखं होईल. ती चिडेल, किंवा गप्प बसेल, किंवा तिचं आता लग्न होऊन दोन मुलं असतील आणि ती पान फाडून टाकेल. तिला हवं ते करू दे.

पत्र टाकण्याआधी एकदा वाचून काढ. पास्टरांचं नाव कुठे आलं असेल तर खोड. आणि शेवटी सवयीनं ‘असो’ लिहिलं गेलं असेल, तर तेही.

तुझी,
मावशी