घराबाहेर बसून लिहायला हलका लॅपटॉप घ्यावा की टॅबलेट? वजन १ किलोच्या आत हवं.

टॅबलेट नको, लॅपटॉपच घ्या. आणि ते १ किलोचं डोक्यातून काढून टाका, मी त्याच आकड्यापायी फसले.

माझ्या दादाचं म्हणणं, लिहिणाऱ्याला लागतं काय, मोठा टॅबलेट घे, कीबोर्डवालं कव्हर लाव, झालं काम. घेतला. घरी टेबलावर छान चालला. मग आई ११ दिवस हॉस्पिटलमध्ये होती, रात्री तिच्याजवळ मी, आणि त्याच आठवड्यात भाषांतराची ४० पानं द्यायची होती. तिथे टेबल कुठलं, स्टुलावर बसून सगळं मांडीवर. कव्हरचा स्टँड मांडीवर उभाच राहीना, पाय जरा हलला की टॅबलेट मागे कलंडायचा, एकदा फरशीवर आपटला तेव्हा आई दचकून जागी झाली. त्यात मराठीची बोंब. स्क्रीनवरच्या कीबोर्डने मराठी यायचं पण कव्हरच्या कीबोर्डवर बोटं ठेवली की इंग्लिशच उमटायचं. मी इनस्क्रिप्टवाली, म्हणजे मराठी अक्षरांची ती ठरलेली कीबोर्ड मांडणी वापरणारी, क साठी के, हलन्तासाठी डी, बोटं न बघता चालतात, ती सगळी सवय वाया. एका बोटाने काचेवर टाइप करत जेमतेम १२ पानं झाली आणि बाकीच्यांसाठी मुदत मागावी लागली. इतक्या वर्षांत कधी मागितली नव्हती, अजून लागतं मनाला.

घरी येऊन टॅबलेट आणि कव्हर काट्यावर ठेवलं तर १ किलो १८० ग्रॅम! ॲपलचा २०२० चा एम१ मॅकबुक एअर लॅपटॉप १.२९ किलोचा आहे, पंखाच नाही म्हणून आवाजही नाही. म्हणजे मी वाचवले ११० ग्रॅम. आणि नुसतं वजनच बघायचं तर २००७ चा आसुसचा ई पीसी हा छोटा लॅपटॉप ९२० ग्रॅमचा होता, पण स्क्रीन ७ इंची आणि बटणं एवढीशी, त्यावर रोज पानंच्या पानं कोण लिहिणार?

तुम्ही १३ इंची बघा, १.३ किलोपर्यंत. यूएसबी-सी चार्जिंग हवंच, म्हणजे चार्जरची वेगळी वीट वागवायला नको. लिहिण्यापुरती ८ जीबी रॅम पुरते. घ्यायच्या आधी खुर्चीत बसून मांडीवर ठेवा आणि मराठीत दोन परिच्छेद टाइप करा, काउंटरवर उभं राहून काही कळत नाही.

हां, पीडीएफवर खुणा करणं, चित्रं काढणं असलं काही जास्त असेल तर टॅबलेट बरा. काही टॅबलेटवर बाहेरच्या कीबोर्डलाही मराठी लेआउट मिळतो, तेवढं सेटिंगमध्ये आधी बघून घ्या.

दादा अजून म्हणतो दोष कव्हरचा होता. नव्हता. मांडीवर लिहायचं तर स्क्रीन आणि कीबोर्ड एका घट्ट बिजागरीनेच जोडलेले लागतात, हे मी त्याला त्या रात्री फोनवरही सांगितलं होतं.