पाइनवूडचं फर्निचर पिवळं पडू नये म्हणून कोणतं पॉलिश मारावं?

लातूरच्या नव्या घरासाठी तुम्ही पाइनचं कपाट आणि मुलांचं अभ्यासाचं टेबल करून घेतलंय, लाकडाचा पांढरट रंग तसाच ठेवायचाय, आणि मिस्त्री म्हणतोय "मेलामाइन मारू, सगळे तेच मारतात." त्याला थांबवा. मी हे एकदा करून बसलोय.

मी संभाजीनगरचा. इकडं वाळूज एमआयडीसीत मशिनरी पाइनच्या पेट्यांतून येते आणि त्या फळ्या पुढं विकायला निघतात. (तुमचंही लाकूड तसलंच असेल तर शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ती फळी मी घरात घेत नाही.) त्या फळ्यांचं पहिलं शेल्फ मेलामाइनमध्ये केलं. दोन वर्षांत त्याचं हळकुंड झालं. पॉलिशवाल्याला धरलं तर तो म्हणाला, "काका, लाकूड आहे, पिवळं पडणारच. काय फरक पडायलाय?"

त्याचं अर्धं खरं होतं, ते मला पुढच्या एप्रिलमध्ये कळलं. फुटकी पांढरी टाइल घेतली आणि तिच्यावर शेजारी शेजारी तीन पट्टे मारले: मेलामाइन, साधं इंटिरिअर (घराच्या आतलं) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन आणि वॉटर-बेस्ड, म्हणजे पाण्यात कालवलेलं, पीयू. तेच तीन पट्टे पाइनच्या एका फळीवरही मारले. दोन्हींचा अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलनं झाकला आणि महिनाभर गच्चीवर टाकून दिलं. आपल्याकडचं ऊन, वेगळं यंत्र कशाला पाहिजे? फॉइल काढली तेव्हा टाइलवर मेलामाइन आणि साधं पीयू पिवळं झालेलं, वॉटर-बेस्डचा पट्टा कुठं आहे तेही चटकन दिसेना. फळीवर मात्र वॉटर-बेस्डच्या खालीसुद्धा उघडा भाग झाकलेल्या भागापेक्षा थोडा गडद होता.

म्हणजे पिवळेपणा दोन ठिकाणांहून येतो. एक पॉलिशचा, तो पूर्ण टाळता येतो. दुसरा लाकडाचा. लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन अतिनील किरणं शोषतं आणि रंग बदलतं. त्याला फक्त मंद करता येतं. खिडकीची काच अतिनीलमधला यूव्ही-बी अडवते, यूव्ही-ए बऱ्यापैकी आत सोडते. म्हणून यूव्ही अ‍ॅब्सॉर्बर (अतिनील किरणं शोषणारा घटक) असलेलं पॉलिश घ्या आणि टेबल पश्चिमेच्या खिडकीला असेल तर पडदा लावा.

आता काय घ्यायचं. पहिली पसंती वॉटर-बेस्ड अ‍ॅक्रिलिक किंवा पीयू. डब्यात दुधासारखं दिसतं, वाळल्यावर काचेसारखं होतं. टेबलाला हार्डनरवालं दोन भागांचं घ्या, जास्त टिकतं. सॉल्व्हंटचंच पीयू हवं असेल तर अ‍ॅलिफॅटिक हार्डनरचं घ्या. दुकानदाराला हा शब्द माहीत नसला तर "नॉन-यलोइंग" म्हणा किंवा एक्स्टीरिअर पीयू मागा, ते बहुधा अ‍ॅलिफॅटिक असतं. स्वस्तातलं इंटिरिअर पीयू बहुतेक अ‍ॅरोमॅटिक असतं आणि तेच पिवळं पडतं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, लाख पॉलिश, तेलाचं वार्निश या कामाला नकोत. सागवानावर लाखेचा तोच पिवळसरपणा सोन्यासारखा दिसतो, ती गोष्ट वेगळी. आणि कुणी जवसाचं तेल सुचवलं तर हात जोडा. जवसाची चटणी भाकरीबरोबर उत्तम, पण ते तेल लाकडावर पिवळं पडतं आणि अंधारात, म्हणजे कपाटाच्या आत, जास्तच.

खरी फसगत सीलरमध्ये, म्हणजे पॉलिशच्या खाली आधी मारतात त्या हातात होते. वरचे दोन हात महागड्या पीयूचे आणि खाली मिस्त्रीच्या पिशवीतला उरलेला एनसी नाहीतर मेलामाइन सीलर. तो वर्षभरात पिवळा पडतो आणि आपण शिव्या वरच्या डब्याला देतो. सीलर आणि टॉपकोट एकाच कंपनीचे, एकाच सिस्टिमचे घ्या, आणि डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा. राग आला तर येऊ द्या.

वॉटर-बेस्डनं लाकडाचे रेषे उभे राहतात. म्हणून १८० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर झाला की ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, मग ३२० हलक्या हातानं. स्टील वूल अजिबात वापरू नका. त्याचे कण अडकून गंजाचे ठिपके उठतात. पातळ करायला बोअरचं क्षाराचं पाणी नको, जारचं घ्या, आणि डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर उरका आणि पंखा बंद ठेवा. दुपारी हात फिरेपर्यंत वाळतं आणि ब्रशचे ओरखडे राहतात. पाइनच्या गाठीतून राळ झिरपते, तेवढ्या गाठीवर आधी मेण काढलेल्या ब्लीच लाखेचा पातळ हात द्या. तिथं तिच्या रंगानं फारसं बिघडत नाही.

वाळल्यावर फिकं, कोरं लाकूड दिसेल. मिस्त्री म्हणेल "चमक नाही." तुम्हाला तेच हवं होतं. पुढचे दोन-तीन आठवडे टेबलावर गरम कप किंवा प्लास्टिकच्या कव्हरच्या वह्या ठेवू नका, आतून पक्कं व्हायला तेवढा वेळ लागतो. आणि पहिल्या वर्षी वस्तू अधूनमधून हलवत राहा. आमच्या टेबलावर पेनस्टँडखाली रुपयाच्या नाण्याच्या दुप्पट असा पांढरा गोल तसाच आहे.