वडिलांच्या पश्चात घरातली परवान्याची बंदूक: वाद मागाहून, आधी नंबर वाचा

"बाबांना जाऊन पाच महिने झाले, त्यांची बारा बोअरची डबल बॅरल कपाटात आहे, परवान्याची मुदत अजून दीड वर्ष आहे, मग घाई कशाला?" तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. 2018 साली माझे वडील, म्हणजे आमचे दादा, गेले तेव्हा अगदी हेच मी माझ्या मेव्हण्याला ऐकवलं होतं. पोस्टखालच्या प्रतिक्रियांत मंडळींचे दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, घरात बंदूक हवीच कशाला, सरकारने सगळ्या गोळा कराव्यात. दुसरे अमेरिकेचे दाखले देऊन सांगतायत की वाडवडिलांची वस्तू आहे, हक्क आहे तुमचा, कुणाला विचारू नका. यावर मलाही मत आहे आणि पुढे ते देणारही आहे. पण तुमच्या कपाटातल्या बंदुकीला त्या वादाचा आज काडीचा उपयोग नाही.

मी वकील नाही, पोलिसात नाही. एकदा हात पोळलेला माणूस, एवढीच माझी पात्रता. कागदपत्रं (मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, तुमचा स्वतःचा अर्ज, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र) तुम्हाला कुणीही सांगेल, त्यात वेळ घालवत नाही.

घाई का, ते मात्र सांगतो. परवाना बंदुकीचा नसतो, माणसाचा असतो. माणूस गेला की पुस्तकावरची तारीख काहीही असो, ती बंदूक घरात ठेवायचा अधिकार संपला. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 21 सांगतं की शस्त्र बाळगणं कोणत्याही कारणाने बेकायदा झालं, तर विनाकारण उशीर न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. आम्ही काय केलं? आई म्हणाली, वर्षश्राद्ध होईस्तोवर घरातली वस्तू बाहेर काढायची नाही. मीही मान डोलावली. दादांची बंदूक आणि दादांची काठी, दोन्ही दाराच्या मागे तशीच उभी. आमचं घर कोकणात, बागेच्या कडेला. बंदूक 1964 साली शेती संरक्षणासाठी घेतलेली. माकडांवर हवेत बार काढण्यापलीकडे तिचा उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

2019 च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि परवानाधारकांची यादी घेऊन बीटचा हवालदार दारात आला. यादीत दादांचं नाव. माणूस सात महिन्यांपूर्वी गेला आणि बंदूक घरात! बिचारा भला होता. म्हणाला, "आजच्या आज घेऊन या, उद्यावर टाकू नका." मी घाईघाईत बंदूक आणि उरलेली अकरा काडतुसं नेऊन दिली. आणि इथेच ती चूक झाली, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय.

बंदुकीवरचा नंबर मी स्वतः वाचला नव्हता. चोपन्न वर्षं घरात असलेली वस्तू, पण तिला नंबर असतो आणि तो कुठे असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. डबल बॅरलचा पुढचा लाकडी भाग काढला, नळ्या उतरवल्या, की खटक्याजवळच्या सपाट पोलादावर तो कोरलेला दिसतो. नळ्यांच्या बुडाशी आणि त्या लाकडाखालच्या लोखंडावरही बहुधा तोच असतो. ठाण्यातल्या माणसाने नळ्या उतरवल्या, जुनं काळं तेल फडक्याने पुसलं आणि नंबर वाचला. शेवटचा आकडा 8. परवान्यावर 3. जुन्या बाडातून नवीन पुस्तकात उतरवताना कधीतरी कुणीतरी 8 ची डावी बाजू गाळली होती, आणि संगणकावर नोंदी चढल्या तेव्हा तोच 3 युनिक नंबरसकट (परवानाधारकाचा संगणकावरचा ओळख क्रमांक) पक्का झाला.

आता कागद काय बोलतो बघा. परवान्यावरची बंदूक गायब आणि घरात दुसरीच, विनापरवाना. विनापरवाना बंदुकीला तेव्हा एक ते तीन वर्षांची सजा होती, 2019 च्या दुरुस्तीनंतर ती दोन ते पाच वर्षांची झाली. ठाणे अंमलदाराने गुन्हा न नोंदवता दोन पंचांसमोर पंचनामा केला, म्हणून मी आज इथे लिहितोय. पावतीवर त्यांनी आपलं नेहमीचं "जुनी बंदूक नग 1" लिहिलं होतं. नंबर, बनवणारी कंपनी आणि नळ्यांची स्थिती लिहा म्हणून मी अडून बसलो. तेवढी एक अक्कल त्या दिवशी सुचली.

पुढचे चौदा महिने एका कार्यालयाने खाल्ले. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. नंबर दुरुस्तीचा अर्ज दिला. तीन आठवड्यांनी परत आला, वर लाल शाईत शेरा: "दुरुस्तीसाठी परवानाधारकाने स्वतः अर्ज करावा." मी मृत्यूचा दाखला दाखवला. टेबलावरच्या बाईंनी तो वाचला, उलटून मागे काही लिहिलंय का पाहिलं, आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे हो, पण सही त्यांचीच लागेल." शपथेवर सांगतो, हे असंच झालं. बरं, वारसाच्या नावे परवाना मागावा तर उत्तर मिळे, आधी नंबर दुरुस्त करून आणा. दुरुस्ती मागावी तर परवानाधारक आणा. या दोन दारांमध्ये मी किती फेऱ्या मारल्या त्याचा हिशेब नाही, पण त्या वर्षी आंब्याचा अर्धा हंगाम मी एस.टी.च्या खिडकीतून पाहिला.

सुटका झाली ती आईच्या ट्रंकेतल्या एका चिठोऱ्याने. 1964 चं खरेदीचं बिल, घडीवर फाटलेलं, पण शेवटचा 8 शाबूत. त्याची छायाप्रत, पंचनामा आणि बंदुकीवरच्या नंबराचे जवळून काढलेले फोटो जोडून वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. सहाव्या दिवशी फाईल हलली.

तेव्हा आजच परवान्याच्या पुस्तकाची सगळी पानं झेरॉक्स करा, नूतनीकरणाच्या शिक्क्यांसकट. नंबर मात्र घरी एकट्याने नळ्या उतरवून वाचायला जाऊ नका. आधी ती भरलेली नाही ना, हे जाणकाराकडून बघून घ्या. जवळपास शस्त्रविक्रेता असेल तर त्याच्याकडेच जमा करा. तो भाडं घेतो, पण तेल-पाणीही करतो. ठाण्याच्या मालखान्यातून माझी बंदूक परत आली तेव्हा उजव्या नळीत गंजाचे डाग होते आणि दस्त्याला वाळवी चाटून गेली होती. जमा केल्यावरही डोळा ठेवा: ठराविक मुदतीत ना परत घेतली ना विकली, तर ती सरकारजमा करता येते, म्हणून प्रकरण रेंगाळलं की तसा अर्ज देऊन पोच घ्या. आणि "होणार नाही" हे तोंडी ऐकून घरी येऊ नका. नकाराची कारणं लेखी नोंदवायची हे कलम 14 मध्येच आहे, आणि कागद हातात असेल तरच अपील करता येतं.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी, जरा विषय सोडून: 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागू शकतो. दादा दोन्ही अटींत केव्हाच बसत होते. त्यांच्या हयातीत अर्ज केला असता तर त्या बाईंना हवी असलेली सही मिळाली असती.

अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहत असाल तर वन खात्याकडची नोंदणी वेगळी. आणि शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, रानडुक्कर कितीही नासधूस करो.

आता तो वाद. अमेरिकेत 1791 च्या घटनादुरुस्तीत शस्त्राचा हक्क लिहिलेला आहे, आणि तो व्यक्तीचा हक्क आहे की नाही यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचाही 2008 साली 5 विरुद्ध 4 असा निकाल लागला. आपल्याकडे 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता, कारण इंग्रजांच्या 1878 च्या कायद्याने लोकांना निःशस्त्र केलं होतं. घटना लिहिताना तो हक्क घेतला नाही. आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क आहे, तोही "विनाशस्त्र". म्हणून इथे हक्काची भाषा करून टेबलावरचा कागद हलत नाही. मला स्वतःला कडक कायदा मान्य आहे. 2019 मध्ये तीन बंदुकांची मर्यादा दोनवर आणली, वरातीत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली, दोन्ही ठीकच झालं. लग्नात नळी आभाळाकडे करणारे वीर मी पाहिलेत. माझा राग वेगळा आहे. ज्याच्याकडे गावठी कट्टा आहे त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही, त्याला कुणी सही मागत नाही. कायद्याचा सगळा जाच, आपणहून ठाण्यात बंदूक नेऊन देणाऱ्याच्या वाट्याला. पुढच्या वेळी कुणी का नेऊन द्यावी?

असो, भरकटलो. तुम्ही मात्र नेऊन द्याच, उद्याच द्या. आणि एक कळवा: तुमची काडतुसाची आहे की ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची)? ठासणीची असेल तर नळ्या उतरवायचा प्रश्नच नाही, नंबर बहुधा नळीवर वरच्या बाजूला, चापाजवळ मिळेल. गंजाखाली गेला असेल तर खरवडू नका, तसाच पंचांसमोर वाचून घ्या.