तीनशे रुपयांचा दंड आणि ‘वयस्सु १९’

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या सीमेलगतच्या खेड्यातला. २०१६ च्या गणेशोत्सवात माळावर अंदर-बाहर (पत्त्यांचा जुगार) खेळताना पोलिसांनी आम्हा सात जणांना नेलं. मी तेव्हा पीयूसीला (अकरावी-बारावीला) होतो. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर माझा जन्म मे १९९९ चा आहे. कोर्टात सगळ्यांनी गुन्हा कबूल केला, प्रत्येकी ३०० रुपये दंड भरला. केस मिटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. आता केंद्र सरकारच्या नोकरीसाठी माझी निवड झाली आहे. पडताळणीच्या फॉर्मात ‘कधी शिक्षा झाली आहे का’ असा रकाना आहे. ‘नाही’ लिहू का? हे रेकॉर्ड पुसता येईल का?

उत्तर : ‘नाही’ लिहू नका. ज्या दिवशी तुम्ही कबुली देऊन दंड भरलात, त्या दिवशी कागदावर तुम्ही कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ च्या कलम ८७ खाली (सार्वजनिक जागी जुगार) दोषी ठरलात. दंड हीसुद्धा शिक्षाच. ‘भर आणि मोकळा हो’ हा सल्ला आपल्या भागात किती पोरांना दिला जातो आणि नोकरीच्या वेळी तो किती महागात पडतो, हे पाहून जीव तुटतो.

पण तुमच्या हातात एक भक्कम गोष्ट आहे : मे १९९९. सप्टेंबर २०१६ मध्ये तुम्ही साधारण १७ वर्षं ४ महिन्यांचे, म्हणजे १८ च्या आतले होता. बाल न्याय कायदा, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तुमचं प्रकरण १८ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या बाल न्याय मंडळापुढेच जायला हवं होतं. सज्ञान माणसाची शिक्षा रेकॉर्डवरून पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. अल्पवयीनासाठी मात्र आहे. या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अशा मुलाला त्या गुन्ह्यामुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि मंडळाने रेकॉर्ड नष्ट करण्याचा आदेश द्यायचा असतो. अट इतकीच, की प्रकरण या कायद्याखाली हाताळलं गेलेलं असावं. तुमचं नेमकं तिथेच अडलं आहे.

म्हणून आधी वय ठरवून घ्या. ज्या कोर्टाने दंड केला तिथेच बाल न्याय कायद्याच्या कलम ९(२) खाली अर्ज द्या. ‘फाईल बंद झाली, आता अर्ज चालत नाही’ असं कार्यालयात ऐकवलं जाण्याची शक्यता आहे. त्याच कलमाच्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या तरतुदीत) लिहिलं आहे की हा दावा कुठल्याही टप्प्यावर, प्रकरण अंतिम निकाली निघाल्यावरही करता येतो. ते वाक्य अर्जातच उतरवा. अर्ज तरीही फेटाळला, तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जाता येतं.

सर्वात आधी दोषारोपपत्र, कबुली नोंदलेली ऑर्डर शीट आणि दंडाचा आदेश यांच्या नकलेसाठी अर्ज टाका. सी.सी. नंबर (कोर्टातला खटल्याचा क्रमांक) ठाऊक नसेल तर तारीख आणि ठाण्यावरून शोध घ्या. किरकोळ प्रकरणांच्या फायली कायम ठेवल्या जात नाहीत, त्यामुळे दिरंगाई नको. नक्कल हाती आली की तुमच्या नावापुढचा मजकूर पाहा. ‘वयस्सु : १९, उद्योग : कूली’ (कन्नडमध्ये वय १९, व्यवसाय मजुरी) असं काहीसं तिथे असेल. विद्यार्थ्याला कूली लिहिलं असेल, तर वयही विचारून लिहिलं नव्हतं हे दाखवायला पीयूसी कॉलेजचा दाखला उपयोगी पडेल.

वयाचा पुरावा कोणता, ते कलम ९४ ठरवतं. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा एसएसएलसीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र तर कलम ९ ने स्पष्ट वगळलं आहे, तरी लोक स्टॅम्प पेपर घेऊन येतात. त्याऐवजी मराठी शाळेच्या प्रवेश रजिस्टरचा उतारा घ्या, त्याचं इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडा आणि मूळ रजिस्टर घेऊन मुख्याध्यापकांना साक्षीला बोलावण्याची विनंती करा. आजोळी चंदगडकडे जन्म झाला असेल आणि तिथल्या जन्मदाखल्यात तारीख वेगळी असेल, तर आता ती दुरुस्त करायला जाऊ नका. शाळेच्या कागदाला अग्रक्रम आहे. अर्जाच्या तोंडावर केलेली दुरुस्ती संशय वाढवते. कन्नडमधून नाव लिहिताना वडिलांचं नाव किंवा आडनाव बदललं असेल, तर ती व्यक्ती तुम्हीच आहात हे अर्जात वेगळ्या परिच्छेदात सांगा.

कोर्टाने वय मान्य केलं की कलम ९(३) लागू होतं : झालेली शिक्षा निष्प्रभ मानली जाते आणि प्रकरण जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाकडे जातं. एवढ्या किरकोळ प्रकरणात मंडळ समज देऊनही सोडू शकतं. तिथे कलम २४(२) खाली रेकॉर्ड नष्ट करण्याचा आदेश लेखी मागा. आपोआप मिळेल असं धरून चालू नका. याच कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम १४ प्रमाणे असं रेकॉर्ड अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं ठेवायचं असतं, त्यापुढे नाही. घटनेला सात वर्षं कधीच उलटली, हेही लिहा. आदेशाची प्रमाणित प्रत ठाण्यात आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे (शहर हद्दीत पोलीस आयुक्तांकडे) देऊन पोच घ्या. सोबतच्या पत्रात कलम ७४(२) नमूद करा : चारित्र्य दाखल्यासाठी बालकाचं रेकॉर्ड पोलिसांनी उघड करायचं नाही.

आता फॉर्म. आदेश अजून नाही, म्हणून खरं लिहा : कलम, कोर्ट, ३०० रुपये दंड, जन्मतारखेवरून मोजलेलं घटनेच्या दिवशीचं नेमकं वय, आणि अर्ज दाखल झाला असेल तर त्याचा क्रमांक. एसएसएलसीची प्रत जोडा. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराने खरी माहिती देणं बंधनकारक मानलं, पण तरुण वयातल्या क्षुल्लक प्रकरणाकडे मालक दुर्लक्ष करू शकतो असंही सांगितलं. इथे जुगारापेक्षा लपवाछपवीच जास्त नडेल.

त्या सात जणांत आणखी कोणी १८ च्या आत होता का, ते विचारा. त्याने आपला वेगळा अर्ज द्यावा. सज्ञान मित्रांना ही वाट नाही. मात्र २०१६ मध्ये कलम ८७ चा गुन्हा अदखलपात्र होता, तपासाला दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागत होती. फायलीत कारणांसह आदेश आहे की नुसतं ‘परवानगी दिली’ इतकंच, हे त्यांच्या वकिलाने पाहावं. अशा परवानग्यांबाबत कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. कबुलीनंतर हा मुद्दा मांडणं अवघड आहे, तरी नक्कल काढून पाहायला हरकत नाही.