बोटांना ब्रेलच लागेना

प्रश्न: ताई, मी जन्मापासून पूर्ण अंध आहे. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू आहे, ६ डोस झालेत. हल्ली बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, ब्रेल वाचताना ठिपके एकमेकांत मिसळतात. काल उलटीची गोळी समजून भलतीच हातात घेतली होती. डॉक्टरांना सांगितलं तर केमो थांबवतील अशी भीती वाटते. आणि ताप, लाली हे दिवसा घरात कोणी नसताना कसं ओळखायचं? डॉक्टर तर बोलतात पण नवऱ्याशीच.

उत्तर: सांगाच, आणि पुढच्या डोसच्या आधी सांगा. या औषधाने नसांना त्रास होतो हे डॉक्टरांना माहीतच असतं, पण ते विचारतात बटणं लावता येतात का, आपण म्हणतो हो येतात, आणि विषय संपतो! त्यांना स्पष्ट सांगा की माझं वाचन बंद पडलंय. डोस कमी करतात, थोडा पुढे ढकलतात, कधी औषध बदलतात, म्हणजे लगेच उपचार बंद असं नसतं. लपवलं तर मात्र बधिरपणा वाढतो, मग तो जायला महिने लागतात आणि काहींचा थोडा राहतोच. तळपायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा, पायरीची कड कळली नाही तर काठी असून माणूस पडतो.

गोळ्यांसाठी सध्या ब्रेलवर विसंबू नका. डबीला रबरबँड लावा, सकाळच्या डबीला एक, रात्रीच्या डबीला दोन, ते बधिर बोटांनाही लागतात. सीइंग एआय सारखं ॲप फोनच्या कॅमेऱ्यातून नाव वाचून दाखवतं, फक्त स्ट्रिप कापून ठेवू नका, नाव नेमकं कापलेल्या तुकड्यावर जातं (अनुभवाचे बोल).

ताप हाताने बघू नका, बोलणारा थर्मामीटर घ्या. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस झाला की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटलला फोन. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तेव्हा आधी पॅरासिटामॉल घेऊन वाट बघत बसलात तर ताप झाकला जातो आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं. लाली दिसणार नाही, पण तिथली जागा गरम लागते, सुजते, दुखते. सुई लावलेली जागा रोज मनगटाच्या आतल्या बाजूने चाचपा, बोटांनी नको, आणि शंका आली की ओळखीच्या कोणाला तरी व्हिडिओ कॉल करून दाखवा.

आणि नवऱ्याशी बोलणं, त्याचा मला अजून राग येतो. माझ्या वेळी संमतीपत्र ह्यांना वाचायला दिलं आणि सही माझी घेतली! नवऱ्यालाच आधी सांगून ठेवा की डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून विचारलं तर त्याने गप्प बसायचं, उत्तर तुम्ही द्यायचं. बोलणं फोनवर रेकॉर्ड करू का असं विचारून घ्या आणि कागद आदल्या दिवशी मेलवर मागवा, टाइप केलेले हवेत, स्कॅन केलेला फोटो पाठवला तर स्क्रीन रीडर (फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारा) बऱ्याचदा नुसतं ‘इमेज’ म्हणून गप्प बसतो.